नमस्काराचे उत्तर

आपल्या संप्रदायात नमस्काराचे उत्तर नमस्कारानेच द्यायचे असते. दोन वारकरी भेटले की दोघेही वाकतात. आधी कोण, नंतर कोण, याचा हिशेब नाही. सत्तरीचा माळकरी सोळा वर्षांच्या टाळकऱ्याच्या पायाला हात लावतो आणि त्या पोराला ओशाळल्यासारखे होत नाही, कारण त्याच क्षणी तोही खाली वाकलेला असतो. पहाऱ्याची वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते तेव्हा देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. थोरांनी लहानाच्या पाया पडले तर लहानाचे आयुष्य घटते, असे घरोघरी म्हातारी माणसे सांगतात. तीच माणसे गळ्यात माळ घालून वाटेला लागली की ते भय बाजूला ठेवतात. तुकोबारायांनी चंद्रभागेच्या वाळवंटातला जो खेळ सांगितला आहे, त्यात वर्णाचा अभिमान गेल्याची खूण म्हणून हीच गोष्ट येते.

आता गावोगावच्या सप्ताहाच्या मंडपात काय चालते ते पाहा. महाराज गाडीतून उतरतात. दोन्ही बाजूंना रांग लागते. एकेक जण वाकतो. महाराजांचा उजवा हात आशीर्वादाला थोडा वर होतो, पण कंबर वाकत नाही. वाकायला वेळ नसतो म्हणावे, तर फोटोला उभे राहायला वेळ असतो. मग व्यासपीठावर खुर्च्या, शाल, श्रीफळ, फेटा. देणगीदारांची नावे वाचली जातात, त्यांचा सत्कार होतो, आणि तोवर वीस टाळकरी टाळ हातात धरून ताटकळत उभे. काही ठिकाणी परात आणून पाद्यपूजाही होते. कोणा एकाचे नाव घेऊन सांगावे असे हे राहिलेले नाही, ही पद्धतच पडून गेली आहे. आम्ही सगळेच त्या रांगेत उभे राहतो, आणि रांगेला पलीकडून उत्तर येत नाही याचे आता कोणाला नवलही वाटत नाही.

माझे म्हणणे असे की, संप्रदायाच्या अंगावरचा हा साधा ओरखडा समजू नये. नमस्कार एकतर्फी झाला की वारकरी धर्माचा कणाच मोडतो. पुढे टाळ कितीही वाजोत.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: "माउली, भाव महत्त्वाचा. बाहेरून वाकले काय आणि न वाकले काय, मनात नम्रता असली म्हणजे झाले. हे सगळे प्रतीकच तर आहे." हे उत्तर ऐकायला गोड आहे आणि साफ खोटे आहे. भावच पुरेसा असता तर माळ कशाला घातली? बुक्का कशाला लावला? ऊन-पावसात सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर चालायचे कशासाठी, पांडुरंग तर घरीही आहे! जे बाहेरचे आपल्याला सोयीचे असते त्याला आपण आचारधर्म म्हणतो आणि जे गैरसोयीचे असते त्याला नुसते प्रतीक म्हणतो. महाराजांच्या नमस्कारालाच तेवढी 'भावा'ची सवलत का मिळावी? रांगेतल्या माणसाला कोणी सांगत नाही, तू मनातल्या मनात वाक म्हणून.

शरीर कुठे वाकते, कोणासमोर वाकते, हात कोणाच्या पायाला लागतो, यातून समाज घडत असतो. हे सांगायला कोणी परदेशी पंडित लागत नाही, तरी एका विदुषीचा विचार येथे उपयोगी पडेल. मेरी डग्लस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली शुद्धी आणि विटाळ या विषयावर मोठा गाजलेला ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, घाण म्हणजे जागा चुकलेली वस्तू. पायताण दारात असले तर पायताण, ताटाशेजारी ठेवले तर घाण. आणि माणसाचे शरीर हे समाजाचाच नकाशा असते. शरीराच्या सीमांवर, मुखातून आत जाणारे आणि बाहेर येणारे जे काही असते त्यावर समाज जे पहारे बसवतो, ते खरे तर समाजाच्या स्वतःच्या सीमांवरचे पहारे असतात.

आपल्याकडे तर हा नकाशा अगदी उघड काढलेला आहे. पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या मुखापासून एक वर्ण आणि पायांपासून एक वर्ण सांगितला. डोके वर, पाय खाली. ज्याला खाली ठेवायचे त्याला पाय म्हटले, आणि ज्याच्या सावलीचाही विटाळ मानायचा त्याला या नकाशातच जागा दिली नाही. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे संतांनी नेमके कुठे बोट ठेवले ते कळते. त्यांनी वादसभा भरवून पुरुषसूक्ताचे खंडन केले नाही. त्यांनी सगळ्यांना सगळ्यांच्या पायांवर डोके ठेवायला सांगितले. माझे डोके तुझ्या पायावर, तुझे डोके माझ्या पायावर. आता सांगा, मुख कोण आणि पाय कोण? तो नकाशा तेथल्या तेथे निरुपयोगी होतो. बहिणाबाई ब्राह्मण घरच्या, त्यांनी तुकोबारायांना गुरू केले आणि त्यासाठी नवऱ्याचा जाच सोसला. तो राग कशाचा होता? अभंग म्हणण्याचा नव्हता. कोणाचे डोके कोणाच्या पायाशी गेले, याचा होता. 'नुसत्या प्रतीका'साठी कोणी एवढा संतापत नाही.

काल्याचेही तसेच. सर्व विटाळांत उष्ट्याचा विटाळ मोठा. आणि आपण करतो काय, तर लाह्या, पोहे, दही एकत्र कालवतो आणि एकमेकांच्या मुखात घालतो! जिथे पहारा सगळ्यांत कडक, तिथेच संतांनी दार उघडले. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो आणि मगच पालख्या परतीला लागतात. काल्यावाचून वारी पुरी होत नाही. ज्याने हा क्रम लावला त्याला माणसाच्या मनाची आणि गावगाड्याची पुरी जाण होती.

आता दुसरे उत्तर. हे शिकल्या-सवरल्या मंडळींचे. ते म्हणतात, "वारीत समता आहे हे आता जगातल्या विद्वानांनीही मान्य केले आहे." दरवर्षी आषाढ आला की हे वाक्य कुठल्यातरी व्यासपीठावरून ऐकू येते. ज्या विद्वानाकडे यांचे बोट असते ते व्हिक्टर टर्नर. यात्रा-विधींचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. रोजच्या मानपानाच्या, उतरंडीच्या जगातून माणसे बाहेर पडतात, वाटेवर काही काळ सगळी सारखी होतात, आणि त्या सारखेपणात जी जिव्हाळ्याची एकी अनुभवतात, तिला त्यांनी 'कम्युनिटास' असे नाव दिले. यात्रांवरच्या त्यांच्या लेखनात आपल्या पंढरीच्या वारीचाही विचार आहे. येथपर्यंत खरे.

पण टर्नर यांना वारी कळली ती दुसऱ्यांच्या लेखनावरून: एक गी डेल्युरी नावाचे पाद्री, ज्यांचा विठोबा-संप्रदायावरचा ग्रंथ १९६० साली निघाला, आणि दुसऱ्या आपल्या इरावतीबाई कर्वे. इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्राच्या प्राध्यापक. माउलींच्या पालखीबरोबर चालल्या आणि 'वाटचाल' हा लेख लिहिला. १९६२ साली तो इंग्रजीत अमेरिकेत छापला गेला. त्या लेखात काय आहे? चालताना सगळ्या एकत्र, अभंग एकत्र, सुखदुःखाच्या गोष्टी एकत्र, आणि जेवणाची वेळ झाली की ब्राह्मण वेगळे आणि मराठे वेगळे. बाईंना ते इतके लागले की वाटभर त्या हा सांधा जुळवायचा प्रयत्न करीत राहिल्या. ज्या लेखाच्या आधाराने आपण समतेची फुशारकी मारतो, त्या लेखातली मोठी सल ही समता पंगतीपाशी येऊन अडली याची आहे. टर्नर यांनीही ते वाचले होते आणि जातीच्या भिंती वारीत सैल होतात, पडत नाहीत, हे त्यांच्याही ध्यानात आले होते. आपण मात्र 'कम्युनिटास' एवढा शब्द उचलला आणि पंगतीचे पान उलटून टाकले.

याच टर्नर यांची एक शिकवण मला वारकऱ्याच्या फार कामाची वाटते. त्यांनी १९५०च्या सुमारास आफ्रिकेत, आजच्या झांबिया देशाच्या वायव्य भागात, न्डेंबू नावाच्या लोकांत राहून त्यांचे विधी पाहिले. त्या लोकांत एका झाडाला फार मान आहे. साल खरवडली की त्यातून दुधासारखा चीक येतो. मुलगी वयात आली की या झाडापाशी विधी होतो. लोकांना विचारले, हे झाड म्हणजे काय? तर ते म्हणत, हे आईचे दूध, हे आमचे कूळ, ही आम्हा सगळ्यांची एकी. पण टर्नर तेवढ्यावर थांबले नाहीत. झाडापाशी लोक प्रत्यक्ष काय करतात ते त्यांनी पाहिले. बायका झाडाभोवती फेर धरून पुरुषांना टोमणे मारीत होत्या, आणि आईचे झाड म्हणायचे तेथे त्या मुलीच्या आईलाच फेरात येऊ देत नव्हते! तेव्हा ते म्हणाले, प्रतीकाचा अर्थ लोक सांगतात तेवढाच नसतो. लोक त्याच्याशी काय करतात हाही त्याचा अर्थ असतो, आणि सांगण्यात जे दडते ते करण्यात उघडे पडते.

हीच मोजपट्टी आपल्या नमस्काराला लावा. विचारले तर आपण सांगू: सर्वांभूती पांडुरंग आहे, म्हणून मी पाया पडतो. फार सुंदर. आता करणे पाहू. मंडपात पाणी देणाऱ्या पोराच्या पाया कोण पडतो? दिंडीच्या ट्रकवर राहुट्यांचे बांबू चढवणारा जो रोजंदारीचा गडी, त्याच्यात पांडुरंग नाही काय? मागे एका दिंडीच्या दुपारच्या विसाव्यावर मी पाहिले: माळकऱ्यांची पंगत उठली, प्रमुखांचे जेवण खुर्चीवर बसून झाले, आणि तंबू ठोकणारी चार माणसे ट्रकच्या सावलीत थांबून होती. पहाटे त्यांनीच तंबू काढले होते, संध्याकाळी तेच ठोकणार होते. शेवटी उरले ते त्यांना वाढले. कोणी त्यांना मुद्दाम हिणवले नाही, वाईट बोलले नाही. दिवसभर पुढे येणाऱ्या प्रत्येकाला 'माउली' म्हणणाऱ्या लोकांनी त्या चौघांना मात्र "ए, इकडे ये" अशी हाक मारली, आणि ते कोणाच्या कानालाही खटकले नाही.

सर्वांभूती हा अर्थ झाला. खुर्ची, रांग आणि "ए, इकडे ये" हे करणे झाले.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर कीर्तनाच्या भरात देऊन भागणार नाही. मॅक्स ग्लुकमन नावाचे आणखी एक मानववंशशास्त्रज्ञ होऊन गेले. आफ्रिकेत ठराविक दिवशी प्रजा राजाची निंदा करते, बायका पुरुषांसारख्या वागतात, असे विधी त्यांनी तपासले. त्यांचा निष्कर्ष असा की, या एका दिवसाच्या उलथापालथीने काही उलटत नाही. वाफ निघून जाते आणि उतरंड दुसऱ्या दिवशी अधिक घट्ट बसते. टर्नर यांनीही न्डेंबूंच्या प्रमुखाच्या अभिषेकाचे वर्णन केले आहे. गादीवर बसण्याआधी त्याला फाटके वस्त्र नेसवून झोपडीत बसवतात, आणि ज्याचे ज्याचे त्याने कधी वाईट केले असेल तो तो येऊन त्याला बोल लावतो. त्याने मान खाली घालून ऐकायचे, आणि पुढे त्याचा राग धरायचा नाही. विधी मोठा हृद्य आहे. पण सकाळी तो राजा तो राजाच. मग आपली वारीही तशीच म्हणायची काय? वीस दिवस माउली माउली, आणि गावी परतल्यावर पाणवठा वेगळा, मसणवटा वेगळा?

इतिहास आपल्या बाजूने फारसा बोलत नाही. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. मंगळवेढ्याला गावकुसाच्या दगडांखाली ते गेले, नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणल्या, पण आणल्या त्या दाराशीच. त्यानंतर शतकानुशतके कीर्तने झाली, काले झाले, आणि तरीही १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींना तनपुरे महाराजांच्या मठात प्राण पणाला लावून उपोषणाला बसावे लागले, तेव्हा कुठे विठोबाच्या पायांवर डोके ठेवायची वाट सगळ्यांना खुली झाली. वाळवंटातला नमस्कार पायऱ्या चढून गाभाऱ्यापर्यंत जायला इतकी शतके लागली. ग्लुकमन यांना हे कोणी सांगितले असते तर ते म्हणाले असते, पाहा, मी सांगतच होतो.

तरीही आपला विधी वेगळा आहे, असे मी म्हणतो, आणि ते संप्रदायाच्या अभिमानाने म्हणत नाही. उलथापालथीच्या विधीत थोर खाली जातो आणि लहान वर चढतो. म्हणजे वर-खाली शिल्लकच राहते, फक्त एका दिवसापुरती माणसे बदलतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे जागच्या जागी परतते. परस्पर नमस्कारात वर कोणीच उरत नाही. तेथे परत जाण्यासाठी जागाच राखलेली नसते. आणि दुसरे असे की, त्याला वर्षातला नेमलेला एक दिवस नाही. एकादशीला, कीर्तनाला, बाजारात, एसटीच्या थांब्यावर, जेथे माळकरी माळकऱ्याला भेटेल तेथे तो होतो. वारी वीस दिवसांची असेल, नमस्कार बारा महिन्यांचा आहे. गावगाड्यात उतरून काम करील असा संप्रदायाजवळ हाच एक विधी आहे, आणि म्हणूनच तो गावातल्या मंडपात मोडतो आहे ही गोष्ट मला सगळ्यांत भयंकर वाटते. पालखीच्या वाटेवर अजूनही लोक एकमेकांच्या पाया पडतात, वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे येतात. सप्ताहात, ज्या गावात जात राहते, जमिनीचा वाद राहतो, सावकारी राहते, तेथे तो एकतर्फी झाला. म्हणजे ग्लुकमन यांचे म्हणणे आपण आपल्या हातांनी खरे करून देत आहोत.

"मग गुरूच्या पाया पडायचे नाही काय?" असे कोणी रागाने विचारील. पडायचे, जरूर पडायचे. माझे मागणे पडणाऱ्याकडे नाही, उभ्या राहणाऱ्याकडे आहे. आपल्या परंपरेत गुरूचा मोठेपणा तो वाकत नाही यावर कधी ठरला नाही. ज्या नारदांच्या गादीवर उभे राहून आपण बोलतो ती गादी विणेकऱ्याच्या शेजारी असते, आणि विणेकरी हा गावातला कोणीही असू शकतो. ज्ञान सांगणारा मोठा हे मान्य. पण ऐकणाऱ्याच्या पायाला हात लावल्याने त्याचे ज्ञान कमी होते, असे ज्याला वाटते त्याने इतर संप्रदाय पाहावेत. तेथे सिंहासने आहेत, छत्र-चामरे आहेत. ती वाईट आहेत असे नाही, पण आपली नव्हेत.

आणि वेळ नसतो म्हणणाऱ्यांना एवढेच विचारतो की, माउलींच्या सोहळ्यात रोज मुक्कामाला समाजआरती होते ती कशी होते? सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतात आणि हजारोंचे टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ थांबत नाहीत. ते वाजतच राहतात. मग चोपदार स्वतः चालत त्या दिंडीकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, आणि तोवर लाखाचा समाज उभा असतो. आरती खोळंबते, कोणी म्हणत नाही वेळ नाही. लहानातल्या लहान दिंडीला सगळा सोहळा थांबवता येतो, ही व्यवस्था आपल्या वाडवडिलांनी केली. त्या वाडवडिलांच्या वारसांना रांगेतल्या पन्नास माणसांपुढे वाकायला सवड होत नाही!

तेव्हा सप्ताह कमिट्यांना माझे सांगणे असे. कीर्तनकार महाराजांना निमंत्रण देताना, बिदागीची गोष्ट ठरवता तशी ही गोष्टही ठरवा: रांग लावायची नाही, भेटतील त्यांनी समोरासमोर वाकावे, महाराजांनीही. गुडघे दुखत असतील तर हात जोडून मान लववावी, तेवढेही पुरे, पण उत्तर द्यावे. परात आणि खुर्ची मंडपात आणू नये. सत्कार करायचेच असतील तर कीर्तनाच्या आधी-नंतर कार्यालयात करावेत, टाळकऱ्यांना ताटकळत ठेवून नव्हे. दिंडीप्रमुखांनी राहुट्या ठोकणारे, टँकरवाले, आचारी यांची पाने पहिल्या पंगतीत मांडावीत आणि स्वतः त्यांच्या शेजारी जमिनीवर बसावे. कीर्तनकारांनी हे ऐकले नाही तर टाळकऱ्यांनी काय करायचे ते मी वर सांगितलेच आहे. समाजआरतीला दिंड्या करतात तेच.

आणि काल्याच्या दिवशी, महाराजांच्या मुखात लाह्या घालायला धक्काबुक्की होते तेव्हा, कोणीतरी जरा मागे वळून चुलीपाशी जावे. सात दिवस धुरात उभा राहिलेला आचारी तेथे हात पुसत उभा असतो. मूठभर काला त्याच्या मुखात घालावा, आणि त्याच्या हातून आपल्या मुखात घ्यावा.